हातापायाचा जोर हळूहळू जातोय: मणका, बी-१२ की मोटर न्यूरॉन?

कराड तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. आप्पा, वय ५८, ऊस आणि हळद करणारे शेतकरी. गेल्या बेंदराच्या सुमारास उजव्या हाताने सदऱ्याची बटणं लागेनात. दिवाळीपर्यंत फवारणीच्या पंपाचा दांडा मारता येईना. संक्रांतीनंतर उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. दंडाचं मांस आपोआप उडतं, वजन ७ किलो उतरलंय, पण मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मानेच्या एमआरआयमध्ये सी ५-६ ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली) गादी सरकून मज्जारज्जूला टेकलेली दिसते. बी-१२ आलंय १८०. एका डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, तिसरे म्हणाले मोटर न्यूरॉनचा (स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा) आजार आहे, उपचार नाही. मुलगा विचारतो, खरं कुणाचं मानायचं?

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून मांडतो. तिघांनीही जे पाहिलं ते खरं आहे. गादी सरकलेली आहे, बी-१२ कमी आहे, मांसही उडतंय. पण आप्पांच्या हाताचा जोर यांपैकी कशामुळे गेला, हे अजून कुणी ठरवलेलं दिसत नाही. पन्नाशीनंतर मानेचा एमआरआय केला तर कसलाही त्रास नसलेल्या बहुतेक माणसांच्याही मणक्यात झीज आणि फुगलेल्या गाद्या दिसतात. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य घेऊन येणाऱ्या अनेकांचा मूळ आजार मणक्यात नसतोच. बी-१२ चंही तसंच. शाकाहारी माणूस किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणारा माणूस असेल तर ते कमी निघण्याची शक्यता भरपूर. म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी सापडणारच. सापडलेल्या गोष्टीनेच जोर घालवला का, हे मात्र अंगाला हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

मी आप्पांना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मोटर न्यूरॉनच्या आजाराची शंका गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. पण शंका आणि निदान यांच्यामध्ये काही ठरावीक पायऱ्या आहेत आणि तुमच्या कागदांत त्यांतल्या निम्म्याही दिसत नाहीत. जिभेबद्दल एक ओळ नाही, रिफ्लेक्सबद्दल (हातोडीने ठोकल्यावर येणाऱ्या झटक्याबद्दल) नाही, सुईची ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची तपासणी) नाही. त्या पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका आणि ‘उपचार नाही’ म्हणून घरीही बसू नका.

शेतातली मोटर बंद पडली की वायरमन आधी मोटर उघडत नाही. डीपीवर लाइन आहे का बघतो, मग केबल, मग स्टार्टर, मग मोटर. जोर कमी होण्याचं निदानही असंच चालतं. मेंदू आणि मज्जारज्जूतून येणारी वरची लाइन, मज्जारज्जूतली ती पेशी जिथून खालची नस निघते, मणक्याजवळचं नसेचं मूळ, हातापायातली नस, नस आणि स्नायू यांचा सांधा, आणि शेवटी स्नायू. बिघाड यांपैकी नेमका कुठे आहे हे आधी, आणि तो कशाचा आहे हे नंतर. हा क्रम उलटा झाला की पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी नवीन एमआरआय निघतो.

त्याच्याही आधी दोन गोष्टी. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणजे नेमकं काय? दम लागणं, उत्साह नसणं, अंग जड वाटणं हा थकवा झाला; रक्त कमी असणं, थायरॉईड, हृदय, झोप, मनाची उदासी अशी त्याची कारणं. जोर जाणं म्हणजे एखादं ठरावीक काम, जे काल येत होतं, ते आज स्नायू करू शकत नाही. आप्पांची बटणं आणि पंप ही दुसरी गोष्ट आहे, यात शंका नाही.

दुसरं म्हणजे वेग. अचानक, मिनिटांत हात-पाय गेला तर ते ‘वारं जाणं’, म्हणजे बहुधा स्ट्रोक. काही दिवसांत पायांपासून वर चढत गेला तर जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली तेव्हा हा शब्द घरोघरी गेला. जीबीएसमध्ये अशक्तपणा ४ आठवड्यांच्या आत आपल्या टोकाला पोचतो. त्याच प्रकारचा नसांचा आजार ८ आठवड्यांपेक्षा जास्त काळ वाढत राहिला तर त्याला सीआयडीपी म्हणतात आणि त्याला चांगला उपचार आहे. महिन्यामहिन्याने, एका दिशेने, मध्ये एकही चांगला आठवडा न येता वाढत जाणारा आजार ही वेगळी जात आहे. म्हणून पहिलं काम हे करा: एका कागदावर तारखा लिहा. तारखा आठवत नाहीत, सण आणि पिकं आठवतात, तर तेच लिहा. बेंदराला काय येत नव्हतं, दसऱ्याला काय, ऊस तुटून गेला तेव्हा काय. प्रत्येक ओळीत काम लिहा, ‘अशक्तपणा वाढला’ असं नको. या एका कागदाचा मला दहा जुन्या रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोग होतो.

आता बिघाडाच्या जागेकडे. पेशंट कोणतं काम करू शकत नाही यावरूनच बरंच कळतं. भारतीय संडासातून उठता येत नाही, जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढावं लागतं, फळीवरचा डबा काढता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, पण बटण लागतं आणि चप्पल राहते: ही मांड्या-खांद्यांची तक्रार, बहुधा स्नायूंचा आजार. त्यात सीके नावाची, स्नायूंची मोडतोड दाखवणारी रक्ततपासणी पहिली. इथे एक चूक वारंवार होते. एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं पाहून पेशंटला महिनोन्‌महिने यकृताची औषधं चालू राहतात. ही एन्झाइमं स्नायूंतूनही येतात; बिलिरुबिन नॉर्मल असून ही वाढलेली असतील तर सीके करून घ्यावं. लहान मुलगा वारंवार पडतोय, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत टेकत उभा राहतोय आणि पोटऱ्या भरदार दिसताहेत, तर ही तपासणी त्याच आठवड्यात हवी.

सकाळी माणूस बरा, संध्याकाळी पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, थोडं थांबलं की पुन्हा जोर येतो: हा नस आणि स्नायूच्या सांध्याचा आजार, मायस्थेनिया. त्याला औषध आहे, म्हणून तो चुकवणं परवडत नाही. आप्पांच्या वर्णनात असा चढउतार दिसत नाही.

चप्पल निसटणं हे ऐकायला एकच लक्षण, पण त्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. मी प्रत्येकाला विचारतो, चप्पल निसटली हे कळतं का? निसटताना कळतं पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, तर जोर गेलाय. चप्पल मागे राहिली आणि चार पावलं गेल्यावर कुणीतरी सांगितलं, तर संवेदना गेली आहे; मग मधुमेह, बी-१२, कुष्ठरोग यांकडे बघायचं. बी-१२ चा ठळक त्रास दोन्ही तळपायांच्या मुंग्यांपासून सुरू होतो आणि अंधारात तोल जातो. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस भिंत धरतो, हे त्याचं घरगुती लक्षण. आप्पांना यातलं काही नाही. एका हाताचं मांस सुकवत जाणं हे बी-१२ च्या कमतरतेचं काम नव्हे. तरीही १८० हे कमीच आहे, तेव्हा इंजेक्शनं घ्या. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला असा साधारण क्रम असतो. फक्त त्यावर विसंबून तीन महिने वाट बघू नका. आणि इतरांसाठी एक सूचना: बी-१२ ची तपासणी इंजेक्शनच्या आधी करा. ‘ताकदीचं’ म्हणून दिलेल्या लाल इंजेक्शनानंतर आकडा वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते.

पायाच्या पंजाबद्दल आणखी एक. पंजा पडला की लगेच कमरेचा एमआरआय होतो, पण पुष्कळदा नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या डोक्यापाशी दबलेली असते. तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांना हे होतं. वैद्यकीय पुस्तकांत स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्या नावानेच याचं वर्णन आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या आणि इकडे भांगलण करणाऱ्या बायांनाही ते तितकंच लागू. फरक ओळखायचा तर पंजा आतल्या बाजूला वळवून बघायचा. तो जोर शाबूत असेल तर नस गुडघ्याशी दबली आहे. तोही गेला असेल तर कमरेतल्या मुळाचा किंवा त्याहून वरचा विचार करायचा. आप्पांच्या पायाला ही परीक्षा जरूर हवी, कारण वजन उतरलेल्या माणसाची ही नस सहज दबते.

आता हात. उजवा आणि डावा हात शेजारी ठेवून उजेडात बघा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातला मागच्या बाजूचा स्नायू सपाट झालाय, बेचक्यात खड्डा पडलाय, पण करंगळीच्या बाजूची गादी तुलनेने भरलेली आहे, असं दिसलं तर ती खूण मोटर न्यूरॉनच्या आजाराकडे झुकते. उलट करंगळीकडची बाजू सुकली, चौथं-पाचवं बोट आकडले आणि तिथे बधिरपणा असला तर कोपरापाशी दबलेली नस किंवा कुष्ठरोग. आणखी एक हिशेब मांडा. एमआरआयमधली गादी सी ५-६ ची आहे. तिथलं मूळ दबलं तर दंडाचा पुढचा स्नायू आणि मनगट वर उचलण्याचा जोर जायला हवा. पंज्यातले छोटे स्नायू सी ८ आणि टी १ वर, म्हणजे त्याच्या खालच्या, मान आणि छातीच्या सांध्यालगतच्या मुळांवर चालतात. म्हणजे दाब एका मजल्यावर आणि बिघाड दुसऱ्या मजल्यावर. मज्जारज्जूवरचा दाब क्वचित हातातही असा गोंधळ घालतो, म्हणून या हिशेबावर एकट्याने निकाल द्यायचा नसतो, पण ऑपरेशनच्या आधी तो मांडायलाच हवा.

आणि मग जीभ. मानेच्या गादीने जीभ सुकत नाही, कारण जिभेची नस मानेच्या वर, मेंदूच्या बुंध्यातून निघते. म्हणून जीभ हा अशा पेशंटमधला सगळ्यात मोलाचा साक्षीदार आहे. पण ती बघायची पद्धत आहे. जीभ बाहेर काढायला सांगितलं तर निरोगी माणसाचीही थरथरते. त्यावरून घाबरू नका. तोंड उघडून जीभ आत, खालच्या दातांमागे सैल पडू द्या, बॅटरीचा उजेड कडेने टाका आणि अर्धा मिनिट नुसतं बघा. कडांना खाचा पडल्यात का, कातडीखाली किडे वळवळल्यासारखी हालचाल सतत दिसते का. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. बोलणं नाकातून येतं का, पाणी पिताना ठसका लागतो का, तेही लिहा.

डॉक्टरांनी बघायची गोष्ट रिफ्लेक्सची. सुकलेल्या हाताचा रिफ्लेक्स मंदावलेला असायला हवा, कारण खालची नस गेलेली आहे. सुकलेल्या हातातच तो उसळून येत असेल तर वरची आणि खालची लाइन एकाच ठिकाणी बिघडली आहे. हनुवटीवर ठोकून जबड्याचा रिफ्लेक्सही बघतात. तो तेज असेल तर बिघाड मानेच्या वर पोचला. मानेतल्या दाबात चित्र वेगळं असतं: हातात दाबाच्या पातळीला मांस सुकलेलं आणि त्याखाली पाय ताठ, चालताना घासणारे, लघवीची घाई, हातापायांत मुंग्या, मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं. पायाचं मांस सुकून तेही उडत असेल तर तो दोष मानेवर टाकता येत नाही.

नुसतं मांस उडतंय म्हणून घाबरलेली तरुण मुलंही पुष्कळ येतात. पोटरी, पापणी उडते, जोर शंभर टक्के शाबूत, स्नायू भरलेले. जागरण, चहा, चिंता. तिथे एकदा नीट तपासून निश्चिंत करायचं असतं, गूगल वाचून नव्हे. आणि १५ ते २५ वयाच्या मुलाचा एकच पंजा आणि मनगटापुढचा हात एक-दोन वर्षांत सुकला असेल तर मान पुढे वाकवलेल्या स्थितीतला एमआरआय करावा. हिरायामा आजार आपल्याकडे दिसतो, तो काही वर्षांनी आपोआप थांबतो, आणि कॉलरचा उपयोग होऊ शकतो. सरळ मानेच्या एमआरआयमध्ये तो हुकतो.

आप्पांच्या बाबतीत आता खरा शोध घ्यायचा तो उपचार असलेल्या आजारांचा. त्यात मी सगळ्यात वर ठेवतो मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी. हा आजार मोटर न्यूरॉनसारखाच दिसतो: एका हाताचा जोर जातो, संवेदना नीट, मांस उडतं. फरक असा की यात वरच्या लाइनची कोणतीही खूण नसते, जीभ नीट असते आणि कधीकधी मांस फारसं न सुकता जोर मात्र खूप गेलेला असतो. इम्युनोग्लोब्युलिनने (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडींच्या औषधाने) हे पेशंट सुधारतात. स्टेरॉइडने उलट बिघडू शकतात, म्हणून ‘बघू देऊन’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू नये.

बाकीचे झरझर सांगतो. थायरॉईड, कॅल्शियम, साखर, ड जीवनसत्त्व, पोटॅशियम, एचआयव्ही. रक्तातलं एम प्रोटीन (एक असामान्य प्रोटीन) बघण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी. सीके: मोटर न्यूरॉनमध्ये ते थोडं वाढतं, पण हजारांत असेल तर स्नायूंकडे परत वळायचं. आप्पा कोणतं भस्म किंवा पुडी घेत होते का हे नीट विचारा. काही भस्मांतून शिसं पोटात जातं आणि शिशाने मनगट पडतं. पोटात कळा आणि रक्त कमी ही त्याची सोबत. रक्तातलं शिसं मोजता येतं. फवारणीचं औषध बाधलं का, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी कुटुंब विचारतं. ऑर्गॅनोफॉस्फेटने (कीटकनाशकांच्या एका गटाने) नसा जातात, पण ते मोठ्या विषबाधेनंतर साधारण १ ते ३ आठवड्यांनी पायांत सुरू होतं आणि नऊ महिने असं सतत चढत जात नाही. तासगावकडच्या द्राक्षबागांत किंवा तुमच्या उसात नेहमीची फवारणी केली म्हणून हे झालं, असं या वेगावरून म्हणता येत नाही. कुष्ठरोगासाठी कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरची आणि कानामागची नस चाचपायला अर्धा मिनिट लागतो. नस दोरीसारखी जाड लागली तर निदानाची दिशाच बदलते, आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. चट्टा नाही म्हणून कुष्ठरोग नाही, असं मानू नका. घरात कुणाला असा त्रास होता का आणि आई-वडील नात्यातले होते का, हेही सांगा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात आजही होतं आणि स्नायूंचे काही आनुवंशिक आजार त्यामुळे दिसतात.

तपासण्यांत सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त अर्धवट होणारी म्हणजे करंटची तपासणी. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात कातडीवरून करंट देऊन नसेचा वेग मोजतात, ती एनसीव्ही. दुसऱ्यात बारीक सुई स्नायूत घालून त्याची हालचाल ऐकतात, ती ईएमजी. पुष्कळ ठिकाणी फक्त पहिला भाग होतो आणि कागदावर मथळा मात्र दोन्हींचा असतो. मोटर न्यूरॉनमध्ये संवेदनेच्या नसा नॉर्मलच येतात, तेव्हा ‘एनसीव्ही बरी आहे’ यात दिलासा मानायचं काही नाही. सुई चार भागांत हवी: जीभ किंवा चेहऱ्याचा स्नायू, हात, छातीच्या पातळीवरचे पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, आणि पाय. पाठीचे ते स्नायू का, तर तिथे ना मानेच्या गादीचा परिणाम पोचतो ना कमरेच्या. तिथे बिघाड सापडला तर मानेच्या गादीवर सगळा भार टाकता येत नाही. एनसीव्हीत नस फक्त मनगट आणि कोपरापर्यंत तपासून थांबू नये; काखेत आणि गळ्याच्या हाडाच्या वरही करंट द्यायला सांगा, कारण मल्टिफोकलमधला अडथळा कधीकधी तिथेच असतो. आणि थंडीच्या दिवसांत हात गरम करून तपासायचा असतो, नाहीतर वेग खोटाच कमी येतो.

हे कुठे करायचं? मिरज, सांगली, कराड, सातारा यांपैकी जे जवळ असेल तिथे न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मिरजेला तर वानलेस हॉस्पिटलच्या काळापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा: सुईची ईएमजी होते का, आणि ती डॉक्टर स्वतः करतात का. नाही म्हणाले तर कोल्हापूर किंवा पुणे. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी न्या. रक्त आणि ईएमजी मिळून दोन-तीन आठवड्यांत उरकतं. त्यातून चित्र अर्धवट राहिलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. आजार कुठे पसरला, हे काळ दाखवतो, आणि ते पुन्हा बघणं हा निदानाचाच भाग आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला तज्ज्ञांनी जे निकष ठरवले तेही हेच मागतात: वाढत जाणारा बिघाड, एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही लाइनच्या खुणा किंवा दोन भागांत खालच्या लाइनच्या, आणि दुसरी कारणं तपासून बाजूला काढलेली. या तिसऱ्या अटीवर घाई झाली की चुका होतात.

ऑपरेशनबद्दल स्पष्ट लिहितो. मज्जारज्जूवरचा दाबच खरा कारणीभूत असेल तर ऑपरेशन लांबवू नये. ते प्रामुख्याने पुढचा बिघाड थांबवतं, गेलेला जोर सगळा परत आणत नाही. पण मूळ आजार मोटर न्यूरॉनचा असेल तर ऑपरेशनने फायदा होत नाही आणि भूल, पडून राहणं यांतून माणूस खाली येतो. दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून सर्जनना नम्रपणे एक प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, पायातली चप्पल निसटणं आणि हाताने बटण न लागणं या गादीने समजावता येतं का? सुईची ईएमजी बघून ठरवूया का?’ कुणी चांगला सर्जन यावर रागावणार नाही.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या सांगतो. उताणं झोपलं की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, सकाळी डोकं जड, दिवसा पेंगुळतं, बोलताना वाक्य तुटतं: हे श्वासाचे स्नायू थकल्याचं लक्षण. एका श्वासात, साधारण सेकंदाला दोन या वेगाने, मोठ्याने आकडे म्हणायला सांगा आणि दर आठवड्याला वहीत लिहा. आकडा घसरत जातोय का ते बघायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. स्नायू बरेच थकेपर्यंत तो ९६-९७ दाखवत राहतो. आणि अशा पेशंटला रात्री दम लागला म्हणून नुसता ऑक्सिजन लावला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून तो झोपेतच गुंगीत जाऊ शकतो. त्याला मास्कमधून श्वासाला दाब देणारं यंत्र लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री न्यायची वेळ आली तर ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांना सांगा.

समजा सगळ्या पायऱ्या झाल्या आणि निदान मोटर न्यूरॉनचंच आलं. बरं करणारं औषध आज नाही, हे खरं. पण ‘उपचार नाही’ हे बरोबर नाही. रिल्युझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, सुरुवातीला दर महिन्याला यकृताची तपासणी. त्याने मिळणारा वेळ महिन्यांत मोजण्याइतकाच असतो. त्याहून जास्त फरक पडतो तो श्वासाचा मास्क वेळेवर लावण्याने आणि वजन टिकवण्याने. वजन उतरू द्यायचं नाही: तूप, शेंगदाण्याचा कूट, दूध, घट्ट खीर. ठसका लागत असेल तर पातळ पाण्यापेक्षा घट्ट पेज बरी. गिळणं फार बिघडलं तर पोटातून नळी टाकतात, पण ती श्वासाची ताकद बरी असतानाच टाकायची. उशीर केला की तेच छोटं काम जोखमीचं होतं. पंज्याला स्प्लिंट बसवली की चालणं लगेच सुधारतं. दमवणारा व्यायाम नको, सांधे आखडू नयेत इतका रोज हवा. आजार कुणात किती वेगाने जाईल हे माणसागणिक फार वेगळं असतं. बहुतेकांत तो काही वर्षांत मोजायचा असला तरी साधारण दहांतला एक जण दहा वर्षांपुढे जातो.

शेवटचं आप्पांबद्दल. घरातले मला बऱ्याचदा दाराबाहेर गाठून सांगतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ तुमची माया मला समजते. पण नऊ महिने बटण लागत नसलेल्या माणसाला आपल्याला काहीतरी मोठं झालंय हे कळलेलं असतं; फक्त त्याच्याशी कुणी बोलत नसतं. त्यांना तपासणीच्या खोलीत सोबत बसवा, एकदम सगळं नाही, ते विचारतील तेवढं डॉक्टरांना सांगू द्या. शेताची वाटणी, पोटातली नळी, आणि श्वास अगदीच थकला तर व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे निर्णय आप्पांचे आहेत. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, बोलता येतंय तोवर सांगायला हवेत.